चिनी हॅमस्टरच्या पेशीत माणसाचे प्रतिपिंड

मागे एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात जनुके आणि प्रथिने या विषयावर बोलण्याचा योग आला. भाषण संपल्यावर एका शिक्षिकाबाईंनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. त्यांच्या वर्गातील एका मुलाच्या हाताला पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतला होता. दवाखान्यात त्याच्या जखमेत आणि जखमेभोवती जे इंजेक्शन टोचले, त्याच्या खोक्यातील ती माहितीपत्रिका होती. तिच्यातील एक ओळ बाईंनी पेन्सिलीने अधोरेखित केली होती. हे औषध ‘चायनीज हॅमस्टर ओव्हरी’ पेशींत तयार केले आहे, असे त्या ओळीत म्हटले होते. बाईंचा प्रश्न सरळ होता. “जनुकांची लिपी साऱ्या सजीवांत एकच आहे, असं तुम्ही आत्ताच सांगितलंत. मग कोणतीही पेशी चालली असती. हे चिनी उंदराचं अंडाशय मध्येच कुठून आलं?”

आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि चहाची वेळ झाली. ते उत्तर बाईंना पटले नसावे. खरे म्हणजे आमचेही समाधान झाले नव्हते. लिपी एकच आहे, हे बरोबरच आहे. पण प्रतिपिंडाचे जनुक परक्या पेशीत वाचले जाणे वेगळे आणि त्या पेशीतून कामाचे प्रतिपिंड बाहेर पडणे वेगळे. या दोहोंमधले अंतर कापण्यात संशोधकांची पंधरा-वीस वर्षे गेली. तो इतिहास येथे थोडा सविस्तर सांगावा असा विचार आहे.

सुरुवात घोड्यांच्या तबेल्यापासून करावी लागते. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी असे दाखवले, की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचे रक्तद्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला टोचले तर त्याचेही त्या विषापासून संरक्षण होते. लवकरच घटसर्पावरील औषधासाठी घोडे पाळले जाऊ लागले, कारण घोड्यापासून एका वेळी पुष्कळ रक्त मिळते. सर्पदंशावरील प्रतिविषही याच पद्धतीने निघाले. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिनने हे काम अनेक दशके केले आहे. थोडेथोडे विष घोड्याला टोचत जायचे, घोड्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की रक्त काढायचे आणि त्यातील प्रतिपिंडे शुद्ध करून कुप्यांत भरायची.

या औषधाने असंख्य माणसे वाचली. पण घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परकेच. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ साली ‘सीरमव्याधी’चे वर्णन केले. औषध टोचल्यानंतर आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर पित्त, सांधेदुखी असा तो प्रकार असतो. कधी तर औषध देताक्षणीच रुग्ण अत्यवस्थ होतो. म्हणून घोड्याचे रक्तद्रव देताना डॉक्टर अॅड्रिनॅलिनची सुई हाताशी भरून ठेवतात.

प्रतिपिंड माणसाचे असावे, ते हवे तेव्हा आणि हवे तेवढे मिळावे, आणि त्यासाठी कोणा माणसाचे रक्त काढावे लागू नये, ही गरज अशी शंभर वर्षांपूर्वीपासूनची आहे.

चार साखळ्यांचा रेणू

पुढचे समजण्यासाठी प्रतिपिंडाची रचना पाहावी लागेल. रक्तात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रतिपिंडाच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. दोन जड, प्रत्येकी सुमारे ४५० अमिनो आम्लांच्या, आणि दोन हलक्या, प्रत्येकी सुमारे २१५ अमिनो आम्लांच्या. त्या गंधकाच्या बंधांनी स्वतःशी आणि एकमेकींशी जोडलेल्या असतात. या रेणूचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. वायच्या दोन हातांची टोके शत्रूला पकडतात. ती प्रत्येक प्रतिपिंडात वेगळी असतात, म्हणून त्यांना बदलता भाग म्हणतात. खालचा दांडा म्हणजे स्थिर भाग. पकडलेल्या शत्रूचे पुढे काय करायचे, कोणत्या पेशीला बोलवायचे, हे दांडा ठरवतो. जड साखळीच्या दांड्यावर ठरावीक जागी, २९७ व्या क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, शर्करेची एक छोटी फांदी असते. या फांदीकडे प्रथम कोणी फारसे लक्ष दिले नाही. अशा फांद्या पुढे भारी पडल्या.

हे सारे जोडकाम पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत आणि गॉल्गी पिंडात चालते. बी-पेशी त्यात इतकी तरबेज असते, की पूर्ण वाढ झालेली एक पेशी सेकंदाला हजार-दोन हजार रेणू बाहेर टाकते. शाळेत आपण ‘जनुक म्हणजे प्रथिनाची आज्ञा’ असे शिकवतो. ते चुकीचे नाही. पण आज्ञेत फक्त अमिनो आम्लांचा क्रम असतो. साखळीची घडी कशी घालायची, कोणता बंध आधी बांधायचा, शर्करा कोणती चिकटवायची, हे पेशीचे कसब. पाककृतीचे पुस्तक एकच असले तरी प्रत्येक घरच्या पुरणपोळीची चव सारखी नसते, तसेच हे.

केंब्रिजमधील संकर

परक्या पेशीतील प्रतिपिंडाचा पहिला अनुभव आला तो पेशींच्या संमीलनातून. केंब्रिजमध्ये सेसार मिलस्टाइन आणि रिचर्ड कॉटन यांनी १९७३ साली घुशीच्या जातीच्या पांढऱ्या उंदराची, म्हणजे रॅटची, आणि साध्या उंदराची अशा दोन मायलोमा पेशी एकमेकींत मिसळल्या. मायलोमा हा प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचाच कर्करोग असल्याने दोन्ही पेशी आपापले प्रतिपिंड बनवत होत्या. संकरित पेशी दोन्ही प्रकारच्या साखळ्या बनवू लागली. एवढेच नव्हे तर एका जातीची साखळी दुसऱ्या जातीच्या साखळीशी जोडली गेलेलीही आढळली. दोन प्राण्यांच्या जनुकांचे एका घरात भांडण झाले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत जेरोल्ड श्वाबर आणि एडवर्ड कोहेन यांनी माणसाची लसीकापेशी उंदराच्या मायलोमाशी जोडून दोन्ही जातींची प्रतिपिंडे देणारी पेशी मिळवली.

१९७५ साली मिलस्टाइन आणि जॉर्ज कोहलर यांनी या कल्पनेला कलाटणी दिली. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराची प्लीहा घेऊन तिच्यातील बी-पेशी त्यांनी मायलोमाशी जोडल्या. बी-पेशीकडून प्रतिपिंड आणि कर्करोगाकडून अमरत्व असा वारसा घेऊन आलेली ही हायब्रिडोमा पेशी एकाच प्रकारचे, म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंड अखंड देत राहते. पण न जुळलेल्या मायलोमा पेशी मारायच्या कशा? त्यासाठी अमिनोप्टेरिन नावाचे रसायन वापरले जाते. ते डीएनए बनवण्याचा मुख्य मार्ग बंद करते. पर्यायी मार्गाचे विकर नसलेली मायलोमा पेशी त्यात मरते. संकरित पेशीला ते विकर बी-पेशीकडून मिळालेले असल्याने ती जगते. वाचकांनी हे अमिनोप्टेरिन लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे, आणि त्याचे मूळ थेट मुंबईत निघते.

या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. कोहलर आणि मिलस्टाइन यांना १९८४ साली नील्स येर्न यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

घोड्याची अडचण मात्र उंदराच्या रूपाने शिल्लकच राहिली. मूत्रपिंडाचे आरोपण झालेल्या रुग्णांसाठी १९८६ साली उंदराचे मोनोक्लोनल प्रतिपिंड औषध म्हणून मान्य झाले. पण अनेक रुग्णांचे शरीर त्या उंदरी प्रतिपिंडाविरुद्धच प्रतिपिंडे बनवू लागले. माणसाच्या पेशींचा हायब्रिडोमा करावा, तर माणूस आणि उंदीर यांच्या संकरित पेशीतून माणसाची गुणसूत्रे एकेक करून गळून पडतात आणि नेमके हवे असलेले जनुकच नाहीसे होते.

जनुक उचलून ठेवले, तरी

संबंध पेशी जोडण्याऐवजी केवळ जनुक उचलून दुसऱ्या पेशीत ठेवता येईल का? सुसुमु तोनेगावा यांनी नोबुमिची होझुमी यांच्याबरोबर १९७६ साली दाखवले होते, की बी-पेशी आपल्या डीएनएचे दूरदूरचे तुकडे जोडून प्रतिपिंडाचे जनुक तयार करते. म्हणजे जनुक घ्यायचे तर ते त्याच बी-पेशीतून घ्यावे लागणार. ते जमले. पण हे जनुक त्याच्या स्वतःच्या खटक्यासह त्वचेच्या वा यकृताच्या पेशीत ठेवले तर गप्प बसते. याचे कारण १९८३ साली तीन-चार प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच वेळी सापडले. जड साखळीच्या जनुकाच्या पोटातच डीएनएचा एक वर्धक तुकडा आहे आणि तो लसीकापेशींच्या कुळातच काम करतो. घराण्याबाहेर त्याला कोणी ओळखत नाही. यावर उपाय निघाला तो विषाणूंकडून. विषाणूंचे खटके कोणत्याही पेशीत चालू होतात. प्रतिपिंडाच्या जनुकापुढे असा उसना खटका बसवला म्हणजे पहिला अडथळा दूर होतो.

दुसरा अडथळा मोठा होता. त्याची कल्पना १९८१ सालच्या एका सुंदर प्रयोगावरून येते. ब्रिटनमध्ये अॅलन कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मायलोमातील संदेशवाहक आरएनए आफ्रिकेतल्या झेनोपस नावाच्या बेडकाच्या अंडपेशीत टोचला. बेडकाची अंडपेशी मिलिमीटरभर व्यासाची असते, सुईने टोचण्याइतकी मोठी. या अंडपेशीने जन्मात कधी प्रतिपिंड बनवले नव्हते, तरी तिने उंदराच्या प्रतिपिंडाच्या साखळ्या बनवल्या आणि पेशीबाहेर टाकल्या. बाईंचे म्हणणे येथपर्यंत अगदी खरे आहे. लिपी बेडकालाही वाचता येते.

मग जीवाणूला का येऊ नये? ई. कोलाय जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, स्वस्त अन्नावर वाढतो आणि त्यात इन्शुलिन तयार होऊ लागलेले होते. १९८४ साली अमेरिकेतील शमुएल काबिली यांच्या गटाने आणि ब्रिटनमधील मायकेल बॉस यांच्या गटाने स्वतंत्रपणे प्रतिपिंडाच्या दोन्ही साखळ्या जीवाणूत बनवल्या. साखळ्या झाल्या, पण जीवाणूच्या पोटात त्यांचे न विरघळणारे गोळे झाले. गंधकाचे बंध बांधायला लागते ते वातावरण जीवाणूच्या पेशीरसात नाही, आंतर्द्रव्यजालिका नाही, आणि शर्करेची फांदी लावणारी विकरे तर नाहीतच. गोळे विरघळवून परीक्षानळीत साखळ्या पुन्हा घडवल्या तेव्हा थोडेसे कामाचे प्रतिपिंड मिळाले. त्यापुढच्या वर्षी यीस्टमध्येही असाच प्रयत्न झाला. यीस्टला आंतर्द्रव्यजालिका आहे, तरी पूर्ण जुळलेले रेणू अगदी कमी निघाले. (१९८८ साली प्रतिपिंडाची केवळ हातांची टोके जीवाणूत नीट बनवता आली. ती आजही उपयोगी पडतात, पण त्यांना दांडा नसतो.)

जीवाणूत काय नव्हते ते बी-पेशींच्या अभ्यासातून कळत गेले. इंग्रिड हास आणि मथायस वाब्ल यांनी १९८३ साली आंतर्द्रव्यजालिकेत एक प्रथिन पाहिले. ते एकट्या जड साखळीला धरून ठेवते. हलकी साखळी येऊन जोडली गेली म्हणजेच तिला सोडते. लग्नाशिवाय मुलीला उंबरठा ओलांडू न देणाऱ्या जुन्या काळच्या आजीसारखे हे प्रथिन म्हणावे लागेल! अशी पहारेकरी प्रथिने बी-पेशीचीच मक्तेदारी नाही, कोणत्याही प्राण्याच्या पेशीत ती असतात. १९८७ साली लसीका-कुळाबाहेरच्या पेशींनीही पूर्ण, कामाचे प्रतिपिंड बाहेर टाकल्याचे दोन स्वतंत्र गटांनी दाखवले तेव्हा ही गोष्ट पक्की झाली.

दरम्यान १९८४ साली स्टॅनफर्डमध्ये शेरी मॉरिसन, व्हर्नन ओई आणि सहकाऱ्यांनी, आणि टोरांटोमध्ये गॅब्रिएल बुलियान, होझुमी व शुलमन यांनी उंदराचे हात आणि माणसाचा दांडा असलेले प्रतिपिंड उंदराच्या मायलोमा पेशीत बनवले. आपण याला नरसिंह प्रतिपिंड म्हणायला हरकत नाही. ग्रेग विंटर यांनी १९८६ साली आणखी पुढे जाऊन हातांच्या टोकांतील फक्त शत्रूला स्पर्श करणारे फासे तेवढे उंदराचे ठेवले आणि जड साखळीचा बाकी सर्व भाग माणसाचा केला. औषधासाठी रेणू आता तयार होता. प्रश्न उरला घराचा. रोज किलोच्या हिशेबाने तो बनवणार कोण?

बीजिंगच्या बाजारातून डेन्व्हरला

चिनी हॅमस्टर हा उत्तर चीन आणि मंगोलियात राहणारा, पाठीवर काळा पट्टा असलेला छोटा कृंतक प्राणी. १९१९ साली बीजिंगमध्ये न्यूमोनियाच्या जंतूंचे प्रकार ओळखण्यासाठी पांढरे उंदीर मिळेनात म्हणून हे हॅमस्टर वापरले गेले. १९२४ नंतर त्यांचा उपयोग काळा आजाराच्या अभ्यासासाठी होऊ लागला, कारण त्या आजाराचे परजीवी त्यांच्यात चांगले वाढतात. आसामात काम करणाऱ्या काळा आजार आयोगानेही चिनी हॅमस्टर वापरून वालुमाशीच्या दंशाने रोग पसरतो हे दाखवले होते. डिसेंबर १९४८ मध्ये, चीनमधील यादवी युद्ध ऐन भरात असताना, रॉबर्ट वॉटसन या अमेरिकी डॉक्टरांनी दहा नर आणि दहा माद्या पेटीत घालून शांघायमार्गे विमानाने अमेरिकेत नेल्या. तेथे व्हिक्टर श्वेंटकर यांनी त्यांची पैदास केली.

अमेरिकेत त्यांना मागणी आली ती एका वेगळ्याच कारणाने. त्यांची गुणसूत्रे केवळ २२ असतात आणि ती मोठी, सहज ओळखू येणारी असतात. डेन्व्हरमध्ये थिओडोर पक यांना किरणोत्साराचा गुणसूत्रांवरील परिणाम पाहायचा होता. १९५७ साली त्यांनी एका मादीच्या अंडाशयाचा तुकडा काचेच्या बशीत वाढवला. बहुतेक पेशी अशा संवर्धनात काही पिढ्यांनी थकतात. या थकल्या नाहीत. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या सीएचओ पेशी त्या एका मादीच्या वंशज आहेत. पक यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा औषध नव्हते, प्रतिपिंड तर नव्हतेच.

येथून मुंबईचा धागा सुरू होतो. १९२८ साली लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत असे, त्याचा त्या शोध घेत होत्या. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना आढळले, की यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातील तो घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडरली प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्याच चमूने फॉलिक आम्लासारखी दिसणारी पण त्याचे काम अडवणारी रसायने बनवली, अमिनोप्टेरिन आणि नंतर मेथोट्रेक्सेट. ती ल्युकेमियावर चालली. त्यांतील पहिले हायब्रिडोमाच्या निवडीत आपण पाहिलेच.

दुसऱ्याची कामगिरी अशी. फॉलिक आम्लाला उपयोगी रूप देणारे एक विकर असते, डीएचएफआर. मेथोट्रेक्सेट याच विकराला निकामी करते. रॉबर्ट शिमके यांच्या गटाने १९७८ साली दाखवले, की मेथोट्रेक्सेटची मात्रा हळूहळू वाढवत नेली तर ज्या पेशी जगतात त्यांच्यात या विकराच्या जनुकाच्या पुष्कळ प्रती तयार झालेल्या असतात. १९८० साली कोलंबिया विद्यापीठात गेल अर्लॉब आणि लॉरेन्स चेसिन यांनी हे विकर मुळातच नसलेली सीएचओ पेशी मिळवली. आता या पेशीत डीएचएफआरचे जनुक आणि त्याला जोडून आपल्याला हव्या त्या प्रथिनाचे जनुक घालायचे आणि मेथोट्रेक्सेट चढवत जायचे. जगण्यासाठी पेशी डीएचएफआरच्या शेकडो प्रती करते, आणि गाड्याबरोबर नळ्याची यात्रा व्हावी तशा शेजारच्या जनुकाच्याही प्रती होतात.

हे वाचायला सोपे आहे. आम्ही संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत हे केले तेव्हा मात्रा चढवण्यात सात महिने गेले. शेवटी एक उत्तम पेशीकुल हाती आले, त्याचे कौतुकही झाले. मेथोट्रेक्सेट काढून घेतल्यावर दोन महिन्यांत त्याने प्रतिपिंड बनवणे जवळजवळ सोडून दिले. जादा प्रती पेशीने टाकून दिल्या होत्या. अशा वेळी पेशीला दोष देता येत नाही, तिला त्या प्रथिनाचा काहीच उपयोग नसतो.

सीएचओ पेशींच्या बाजूने आणखी गोष्टी होत्या. त्या बशीला न चिकटता द्रवात तरंगत वाढायला शिकतात, त्यामुळे हजारो लिटरच्या टाकीत त्यांना वाढवता येते. पोलिओ, इन्फ्लुएंझा, एचआयव्ही असे माणसाचे अनेक विषाणू त्यांच्यात वाढत नाहीत. १९८७ साली हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळवणारे टीपीए हे त्यांच्यातून आलेले पहिले औषध मान्य झाले. १९९७ साली रिटुक्सिमॅब आले. नरसिंह जातीचे हे प्रतिपिंड लसीकापेशींच्या कर्करोगावरचे असून ते सीएचओ पेशींत बनते. ऐंशीच्या दशकात लिटरभर द्रवातून मिलिग्रॅमच्या हिशेबाने प्रथिन मिळे. आता कित्येक ग्रॅम मिळते.

शर्करेची फांदी

आता शर्करेच्या फांद्यांकडे वळू. उंदराच्या मायलोमा पेशीही औषधनिर्मितीत वापरल्या जातात. सेटुक्सिमॅब हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचे प्रतिपिंड त्यांच्यात बनते. ते २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. काही दिवसांतच टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील डॉक्टरांना असे दिसू लागले, की पहिल्याच सलाइनच्या वेळी काही रुग्ण काही मिनिटांत कोसळतात. इतर राज्यांत हे क्वचित घडत होते. २००८ साली त्याचा उलगडा प्रसिद्ध झाला. हे औषध घेतलेल्या ७६ रुग्णांपैकी २५ जणांना अशी प्रतिक्रिया आली होती. त्यांपैकी १७ जणांच्या रक्तात औषध देण्याच्या आधीपासूनच त्याविरुद्ध अॅलर्जीची प्रतिपिंडे होती. ज्यांना त्रास झाला नाही त्या ५१ जणांत असा एकच निघाला.

ही प्रतिपिंडे प्रथिनाविरुद्ध नव्हतीच. ती शर्करेविरुद्ध होती. उंदराची पेशी अशा फांदीच्या टोकाला गॅलॅक्टोजचे दोन रेणू एका विशिष्ट तऱ्हेने जोडते. बहुतेक सस्तन प्राण्यांत हे जोडकाम होते. माणूस, कपी आणि जुन्या जगातील माकडे यांनी मात्र उत्क्रांतीत ते विकर गमावले आहे, त्यामुळे आपल्या शरीराला ती जोडणी परकी वाटते. सीएचओ पेशीत बनवलेल्या त्याच प्रतिपिंडाला या रुग्णांची अॅलर्जी-प्रतिपिंडे चिकटली नाहीत. सीएचओच्या शर्करा हुबेहूब माणसासारख्या नसतात, पण या बाबतीत त्या पुरेशा जवळच्या आहेत. या रुग्णांना आधीपासून अॅलर्जी कशी, हे कोडे नंतर सुटले. त्या भागातील एका जातीच्या गोचिडीच्या चाव्याने ती जडते.

जनुक तेच, अमिनो आम्लांचा क्रम तोच, आणि तरी एका पेशीतले औषध रुग्णाला आडवे पाडते, दुसऱ्या पेशीतले तसे करत नाही. शिबिरात बाईंना आम्ही हे उदाहरण द्यायला हवे होते.

येथे पैशाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. हायब्रिडोमाचे पेटंट नव्हते, असे वर सांगितले. दोन्ही साखळ्यांची जनुके एकाच पेशीत घालून प्रतिपिंड बनवण्याच्या पद्धतीचे मात्र होते. बॉस यांच्या बाजूने २५ मार्च १९८३ ला, तर काबिली यांच्या बाजूने ८ एप्रिल १९८३ ला अर्ज झाला. दोन आठवड्यांच्या या अंतराचा वाद अमेरिकेत कित्येक वर्षे चालला. २००१ साली तडजोड होऊन हक्क काबिली यांच्या बाजूला, म्हणजे जेनेन्टेक कंपनी आणि सिटी ऑफ होप या संस्थेकडे गेला आणि नवे पेटंट डिसेंबर २०१८ पर्यंत चालले. प्रयोग जीवाणूतील, थोडेसे प्रतिपिंड देणारा. हक्क मात्र हॅमस्टरच्या पेशीतून येणाऱ्या प्रत्येक औषधावर! कायद्याने ते योग्य असेल. आम्हाला ते न्याय्य वाटत नाही. भारतात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली रिटुक्सिमॅबची आपली आवृत्ती मूळ औषधापेक्षा स्वस्तात आणली, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

आता बाईंच्या कागदाकडे. त्यावरचे प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर विकसित केले आणि ते २०१६-१७ च्या सुमारास भारतात आले. ज्यांच्या अंगात माणसाची प्रतिपिंड-जनुके बसवली आहेत असे उंदीर १९९४ साली दोन गटांनी तयार केले होते. तशा उंदराला रेबीजची लस टोचून मिळालेल्या बी-पेशीतून हे जनुक आले. म्हणजे जनुक माणसाचे, ते जुळवले उंदराने आणि आता ते वाचते हॅमस्टरची पेशी. घोड्याच्या प्रतिपिंडांची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ४० एकके लागते, माणसाच्या रक्तातून काढलेल्यांची २०, याची ३.३३. कुत्रा खोलवर चावलेल्या २०० रुग्णांवर भारतात चाचणी घेऊन मगच त्याला परवानगी मिळाली.

सर्पदंशाचे काम अवघड आहे. रेबीजच्या विषाणूवर पकडायची जागा एक. सापाच्या विषात डझनावारी विषारी प्रथिने असतात आणि ती जातीगणिक बदलतात. घोड्याचे शरीर त्या सर्वांविरुद्ध एकाच वेळी प्रतिपिंडे करते. सीएचओचे एक पेशीकुल एकच प्रतिपिंड देते. २०२४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेतील संशोधकांनी माणसाचे असे एक प्रतिपिंड प्रसिद्ध केले, की ते नाग-मण्यार कुळातील सापांच्या मज्जातंतू बधिर करणाऱ्या एका प्रकारच्या विषांना सरसकट पकडते. मण्यार, नाग आणि आफ्रिकेतील ब्लॅक माम्बा यांच्या विषापासून त्याने उंदरांना वाचवले. घोणस आणि फुरसे यांची विषे रक्तावर आणि रक्तवाहिन्यांवर हल्ला करतात, तेथे या प्रतिपिंडाचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी आणखी निदान तीन-चार प्रतिपिंडे शोधावी लागतील, प्रत्येकाचे पेशीकुल वेगळे वाढवावे लागेल आणि सगळी एकत्र करून भरलेली कुपी ग्रामीण रुग्णालयाला परवडेल अशा किमतीत बसवावी लागेल. तोपर्यंत घोड्यांना विषाची सुई आणि रुग्णाच्या खाटेशेजारी भरून ठेवलेले अॅड्रिनॅलिन चालूच राहणार आहे.